घरची बिअर आणि हातभट्टी यांत कायद्याने फरक करावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गटारी जवळ आली की हातभट्ट्यांवरील छाप्यांच्या बातम्या येऊ लागतात. त्या कारवाईला माझा पूर्ण पाठिंबा आहे. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, हे कोणीही मुंबईकर विसरलेला नाही. मात्र ज्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली हे छापे पडतात, तोच कायदा धान्यापासून स्वतःपुरती बिअर करणाऱ्यालाही हातभट्टीवाल्याच्या रांगेत उभा करतो. हे मला अन्यायाचे वाटते.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिलो. तेथे १९६३ पासून घरी बिअर करण्यास परवाना लागत नाही. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला ‘इंडिया पेल एल’ करायला शिकवले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनहून आणि पुढे इंग्लंडमधल्याच बर्टन गावाहून जहाजाने मुंबईच्या बंदरात उतरत असे, तीच ही भरपूर हॉप्स (एका वेलीची कडवट, सुगंधी फुले) घातलेली कडवट बिअर.

वीस लिटरसाठी साधारण सहा किलो माल्ट लागते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्याच जातीचे हे काम आहे. भरडलेले माल्ट ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर झाकून ठेवले की धान्यातलीच विकरे (एन्झाइम) स्टार्चची साखर करतात आणि पिठूळ, पांढरट पाणी पाहता पाहता मधाच्या रंगाचे, बोटांना चिकटणारे होते. पहिल्या खेपेला मी पाणी फार गरम घातले. बरीचशी साखर यीस्टला न पचणारी निघाली आणि बिअर गुळचट राहिली. पुढे हा रस गाळून तासभर उकळायचा. आरंभी घातलेली हॉप्सची फुले कडवटपणा देतात, शेवटच्या काही मिनिटांत घातलेली सुगंध देतात. रस थंड करून त्यात यीस्ट घालायचे, एवढेच. यीस्ट साखरेचा मद्यार्क करते, तसतशी रसाची घनता (पाण्याची १ धरून) उतरते; ती १.०६५ वरून १.०१२ पर्यंत आली म्हणजे सुमारे सात टक्के मद्यार्क होतो. यात ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफ करून मद्यार्क वेगळा काढणे, कोठेच नाही. जव आंबल्याने मिथेनॉल हा विषारी मद्यार्क घातक प्रमाणात तयार होत नाही. मालवणीसारख्या घटनांत मिथेनॉल बाहेरून आणून मिसळलेले असते, आणि या दोन गोष्टी एकाच नजरेने पाहणे शास्त्राला धरून नाही.

मुंबईत हे काम सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. येथील तीस अंशांच्या हवेत यीस्ट उग्र वास आणि घशाला बोचणारी चव देते, म्हणून पिंप फ्रिजमध्ये १८ ते २० अंशांवर ठेवावे लागेल. आपल्या तलावांचे पाणी मृदू आहे आणि बर्टनचे जिप्समयुक्त, तेव्हा थोडे जिप्समही घालावे लागेल. शिवाय नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवले नाही, तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. उरलेला चोथा मात्र वाया जाणार नाही. तबेल्यातल्या म्हशींना तो आंबोणात चालतो.

मुलुंडला परतल्यापासून माझे पातेले आणि थर्मामीटर माळ्यावर पडून आहेत, कारण कायदा मोडण्याची माझी इच्छा नाही. शहरात परवानाधारक मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणारी छोटी केंद्रे, चालतात. घरासाठी मात्र तशी वाट नाही. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७९ लिटर बिअर घरी करण्याची करमुक्त मुभा दिली. एवढी आपल्याला नको. एकवीस वर्षांवरील, मद्यसेवनाचे परमिट असलेल्यास नाममात्र शुल्कात नोंदणी करून वर्षाला शंभर लिटर बिअर स्वतःपुरती करू द्यावी, ऊर्ध्वपातनाला पूर्ण बंदी ठेवावी आणि एक बाटली जरी विकली तरी आजचीच शिक्षा द्यावी, अशी दुरुस्ती राज्य शासनाने येत्या अधिवेशनात मांडावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई