हात वर करायच्या वेळी

एडिसन, न्यू जर्सी
२० फेब्रुवारी २०२१

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी वरच्या सभागृहानं, सेनेटनं, ट्रम्पला महाभियोगातून सोडलं आणि रात्री तुझा मेसेज आला, ‘सुटला की रे तुमचा ट्रम्प!’ आणि पुढं ते हसून लोळणारं तोंड. मी नुसता अंगठा पाठवून गप्प बसलो. बाळूला राग आला असं तुला वाटलं असेल. राग नव्हता लेका. दोन ओळींत काय सांगू हेच सुचेना. आणि व्हॉट्सअॅपवर लांबलचक लिहिलं की तू ते ‘आठवी ब’च्या ग्रुपवर टाकणार, मग पंधरा जण मला अमेरिका समजावून सांगणार. म्हणून कागद घेतला. दारात गुडघाभर बर्फ आहे, शनिवार आहे, चहा दोनदा झालाय. पोस्टाचा सध्या भरवसा नाही, पोचेल तेव्हा पोचेल.

६ जानेवारीपासून सांगतो. त्या दिवशी दुपारी माझी ऑफिसची मीटिंग चालू होती, घरातूनच. सव्वादोनच्या सुमारास ईरा तिच्या खोलीतून फोन घेऊन आली आणि काही न बोलता तो माझ्या लॅपटॉपसमोर धरला. ट्रम्पचे समर्थक खिडक्या फोडून कॅपिटलमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, शिरत होते. मला वाटलं कुठल्यातरी मालिकेतलं असेल. मग टीव्ही लावला. ईरा शाळेच्या सहलीत ती इमारत बघून आलेली. ती म्हणाली, “बाबा, इथं आम्हाला दोरीच्या पलीकडं पाय टाकू देत नव्हते.” आणि दिग्या, त्या गर्दीतले काही जण पुतळ्यांच्या दालनातून त्या दोऱ्यांच्या मधूनच चालले होते, अगदी सहलीला आल्यासारखे! बाहेर पोलिसांना झेंड्याच्या काठ्यांनी मारहाण चालली होती. गर्दीत एक तिरंगासुद्धा दिसला. नंतर कळलं, तो नेणारा आपल्याकडचाच, व्हर्जिनियात स्थायिक झालेला माणूस. अश्विनी म्हणाली, “आता ऑफिसमध्ये लोक आपल्याला विचारणार.” कुणी विचारलं नाही म्हणा.

पण माझी झोप उडाली ती रात्री. दुपारी हेच खासदार बाकांखाली लपले होते, तोंडाला गॅसचे मुखवटे लावून पळाले होते. रात्री आठनंतर काचांचे तुकडे बाजूला सारून सभागृह पुन्हा भरलं आणि ट्रम्प हरलेल्या निवडणुकीच्या मतमोजणीवर हरकत घ्यायची वेळ आली. मला वाटलं, आता हे लोक निदान आज तरी शहाणे होतील. १४७ जणांनी हरकतीच्या बाजूनं मत दिलं. १३९ हाऊसमधले, म्हणजे खालच्या सभागृहातले, ८ सेनेटर, सगळे ट्रम्पच्याच पक्षाचे, रिपब्लिकन. साठाहून जास्त खटले कोर्टात गेलेले, त्यातून हाती काही लागलेलं नाही, सुप्रीम कोर्टानं टेक्सासची याचिका ऐकायलाही नकार दिलेला. हे सगळं त्या १४७ जणांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त ठाऊक. उपाध्यक्ष पेन्सनं निकाल वाचला तेव्हा पहाटेचे पावणेचार होत आले होते. मी सोफ्यावरच होतो.

तू नेहमी म्हणतोस, ट्रम्प म्हणजे करमणूक. लांबून तसंच दिसतं. चार वर्षं आम्ही सकाळी उठून हवामान बघायच्या आधी ट्वीट बघायचो. एफबीआयच्या प्रमुखाला आपली नोकरी गेल्याचं भाषण करता करता समोरच्या टीव्हीवरून कळलं. एक प्रसिद्धीप्रमुख तर अकरा दिवसांत आला आणि गेला, आपल्याकडं पाहुणेसुद्धा जास्त राहतात. वादळ अलाबामाकडं जातंय असं ट्रम्प बोलून बसला, तर हवामानखात्याच्या नकाशावर मार्करनं फुगवटा काढलेला दाखवला. हसायला येतं, कबूल. पण २०१७च्या फेब्रुवारीत कॅन्ससमध्ये ऑलेथला आपल्यासारख्याच एका इंजिनिअरला ‘माझ्या देशातून चालता हो’ असं ओरडून गोळी घातली गेली, तेव्हापासून अश्विनी दुकानात आईचा फोन घेईना. मराठी मोठ्यानं बोलायला नको म्हणून. तिच्या नोकरीचा परवाना व्हिसावाल्यांच्या जोडीदारांसाठीच्या २०१५च्या नियमावर मिळालेला, तो नियम रद्द करणार असं ह्या सरकारनं २०१७ साली जाहीर केलं आणि चार वर्षं ते तसंच लटकत ठेवलं. रद्द झालं नाही. पण दर सहा महिन्यांनी ‘आता होणार’ अशी बातमी यायची आणि आमच्या घरी गृहकर्जाचा हिशोब पुन्हा मांडला जायचा. गेल्या जूनमध्ये नव्या एच-१बीवाल्यांना, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांना, देशात यायलाच बंदी झाली. माझ्या टीममधला एक पोरगा व्हिसा स्टॅम्पिंगसाठी पुण्याला गेलेला, तो तिकडंच अडकला. इथं त्याचं भाडं चालू.

तरी मला त्या माणसाबद्दल फार काही म्हणायचं नाही. तो पहिल्या दिवसापासून होता तसाच आहे, फसवणूक केली असं म्हणता येणार नाही. माझ्या डोक्यातून जात नाहीत ते बाकीचे.

टेक्सासचा सेनेटर टेड क्रूझचं बघ. २०१६ साली ट्रम्पनं त्याच्या बायकोच्या दिसण्याची टिंगल केली, त्याच्या बापाचं नाव केनेडींच्या मारेकऱ्याशी जोडलं. आणि ६ जानेवारीला अॅरिझोनाच्या निकालावर हरकत घ्यायला सेनेटमधून पुढं कोण? हाच. (ह्याच आठवड्यात टेक्सासमध्ये थंडीनं वीज-पाणी गेलंय. ऑस्टिनला माझा मावसभाऊ बर्फ वितळवून संडासात ओततोय. आणि हा गृहस्थ कॅनकूनला समुद्रावर गेला होता. बोंब झाल्यावर परत आला.) हाऊसमधला रिपब्लिकनांचा नेता मकार्थी १३ जानेवारीला सभागृहात उभा राहून म्हणाला की हल्ल्याची जबाबदारी अध्यक्षांवर येते. पंधरा दिवसांनी, २८ तारखेला, फ्लोरिडात जाऊन त्यांच्याच शेजारी उभा राहून फोटो काढून आला. सेनेटमधला त्यांचा नेता मॅककॉनेल, त्याची तर कमाल. अध्यक्ष पदावर होता तेव्हा ह्यानं सेनेट १९ जानेवारीच्या आत बोलवायला नकार दिला, मग ‘माजी अध्यक्षावर खटला चालवता येत नाही’ म्हणून निर्दोष म्हणून मत दिलं, आणि त्यानंतर लगेच भाषण केलं की ह्या सगळ्याला व्यवहारानं आणि नीतीनं ट्रम्पच जबाबदार आहे. ५७ विरुद्ध ४३. दोषी ठरवायला ६७ लागत होती. रिपब्लिकनांतले सात जण फुटले. तू विचारलेल्या ‘सुटला’चा हिशोब एवढाच.

पण एक आकडा ह्याहून बोलका आहे, तो इकडं पेपरात आतल्या पानावर आला. महाभियोगाच्या बाजूनं हाऊसमध्ये उघड मत द्यायची वेळ आली तेव्हा दोनशेहून जास्त रिपब्लिकनांपैकी दहा जण ‘हो’ म्हणाले. त्यातली एक लिझ चेनी, हाऊसमधल्या रिपब्लिकनांची तिसऱ्या क्रमांकाची नेता. तिला त्या पदावरून काढायचा ठराव ३ फेब्रुवारीला बंद दाराआड आला आणि मतदान गुप्त झालं. तिला ठेवावं म्हणणारे १४५, काढावं म्हणणारे ६१. तिला ठेवा म्हणणारा प्रत्येक जण महाभियोगाच्या बाजूचा असेल असं मी म्हणत नाही. पण चिठ्ठीवर १४५ आणि उघडपणे १०!

हे वाचलं आणि मला एकदम आपली सोसायटी आठवली.

खतांच्या पोत्यांचा तो घोळ, आठवतोय ना? आपण आठवीत होतो. चेअरमनवर अविश्वास आणायचा म्हणून तुमच्या सोप्यात रात्री बैठक बसली होती. तेरा संचालकांपैकी नऊ जण आलेले. काकूनं दोनदा चहा केला, आपण दोघं कप उचलायला. नऊच्या नऊ जणांनी बेलभंडारा उचलला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये चेअरमन स्वतः समोर बसलेला, आणि म्हणाला, हात वर करून होऊ दे, आपल्यात काय चोरून करायचंय. आपण खिडकीच्या गजांना लोंबकळून बघत होतो. तुझ्या नानांचा हात वर गेला. कोपऱ्यातून आणखी एक गेला. बस्स.

माझे अण्णा नानांच्या शेजारीच बसले होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

आपण ह्यावर कधी बोललो नाही, बत्तीस-तेहतीस वर्षांत. तुमचं दूध डेअरीत ‘फॅट लागत नाही’ म्हणून पुढं किती महिने परत येत होतं, आणि तू डबा घेऊन आमच्या दारावरून जायचास, तेव्हा मी आत पळायचो. अण्णा वाईट नव्हते रे. विहिरीच्या मोटरचं कर्ज मंजुरीला सोसायटीतच अडकलेलं होतं, ताईचं लग्न ठरलेलं. ते रात्री खरोखर मनापासून शपथ घेऊन आले होते. आईला सांगत होते, उद्या पाडतो त्याला.

इथं कर्ज नसतं, प्रायमरी असते. आपल्याकडं तिकीट वरून कापतात, मुंबईचा नाहीतर दिल्लीचा फोन येतो. इथं खालून कापतात. पक्षाचा उमेदवार पक्षाचेच मतदार निवडणूक घेऊन ठरवतात, आणि त्या मतदारांत ट्रम्पचा शब्द चालतो. हरूनसुद्धा ७ कोटी ४० लाख मतं आहेत त्याच्याकडं. मग मतदारसंघ कितीही सुरक्षित असू दे, त्यानं एक माणूस तुझ्यासमोर उभा केला की तू गेलास. चेनीच्या वायोमिंगमध्ये तिच्याच पक्षानं तिच्या निषेधाचा ठराव केला. लुइझियानात तर सेनेटर कॅसिडीनं ‘दोषी’ म्हणून मत दिलं त्याच दिवशी केला. मिशिगनमध्ये मतमोजणी मंडळावरच्या एका तरुण रिपब्लिकननं कायद्याप्रमाणं निकाल प्रमाणित केला, त्याला मुदत संपल्यावर पुन्हा नेमलं नाही. तुमचं दूध परत यायचं तसंच हे. आणि वर जिवाची भीती. एक खासदार टीव्हीवर सांगत होता, सहकारी अंगात घालायची बुलेटप्रूफ जाकिटं विकत घेतायत.

शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्मभराचे रिपब्लिकन. बर्फ काढायला मी त्यांच्याकडं जातो. ते म्हणाले, “आमच्या वेळी असं नव्हतं. १९७४च्या ऑगस्टमध्ये गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स, तिघंही अध्यक्ष निक्सनच्याच पक्षाचे, व्हाइट हाऊसमध्ये गेले आणि सांगून आले की आता तुमच्या मागं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी रात्री त्यानं टीव्हीवर राजीनामा जाहीर केला.” ऐकायला बरं वाटलं. घरी येऊन वाचलं तर निराळंच. त्याच्या आधीच्या महिन्यात हाऊसच्या समितीत महाभियोगाच्या पहिल्या आरोपावर मतदान झालं, तेव्हा सतरा रिपब्लिकनांपैकी सहाच जणांनी ‘हो’ म्हटलं होतं. निक्सनच्या संभाषणाची नवी टेप ५ ऑगस्टला बाहेर आली, त्यानंतर बाकीचे हलले. मास्तरांना हे मी सांगितलं नाही. त्यांनी ह्या महिन्यात पक्षातून नाव काढलंय, तेवढ्यानंच ते खचलेत.

सगळेच मांडीवर हात ठेवून बसले असंही नाही. जॉर्जियात निवडणुका बघणारा रॅफेन्सपर्गर बघ, रिपब्लिकन, मत ट्रम्पलाच दिलेला. अध्यक्षानं २ जानेवारीला तासभर फोन करून ११,७८० मतं ‘शोधून काढ’ म्हटलं. हा शांतपणे म्हणत राहिला, साहेब, तुमचे आकडे चुकलेत. मी तो फोन पूर्ण ऐकला. आवाजात कुठं वीरश्री नाही. नाना हॉलमधून बाहेर आले तेव्हा तसेच होते, चप्पल शोधत होते.

आता माझं सांगतो, कारण त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो आणि इतका वेळ टाळतोय. ऑक्टोबरमध्ये ईरानं मैत्रिणीकडून बायडनची पाटी आणली. इथं अंगणात खोचतात तशी, तारेच्या पायांची. आमच्या गल्लीत दोन्हीकडच्या होत्या. मी म्हटलं, नको, ग्रीन कार्ड होऊ दे. माझ्या अर्जाची तारीख २०११ची आहे दिग्या, आणि रांग अजून २००९ मध्येच आहे. एका देशाला वर्षाला सातच टक्के. ईरा म्हणाली, तोपर्यंत मी आजी होईन. पाटी लावली म्हणून माझा अर्ज कुणी फाडणार नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पाटी गॅरेजमध्ये पाण्याच्या पिंपामागं उभी केली. २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या मोदी-ट्रम्प कार्यक्रमाला आमच्यातली काही मंडळी विमानानं गेली होती, परत आल्यावर जेवायला बोलावून व्हिडिओ दाखवत होती. तिथं एक जण म्हणाला की ट्रम्प त्या ‘दुसऱ्यांना’ हाकलतोय, आपल्याला नाही. मी श्रीखंड वाढून घेतलं.

१३ जानेवारीला दहा जणांची नावं टीव्हीवर आली तेव्हा ईरानं विचारलं, “बाबा, तुम्ही तिथं असता तर?” मी म्हटलं, मला मताचा अधिकारच नाही. ती म्हणाली, “मी ते विचारलं नाही.”

अण्णांना ह्यातलं काही बोलू नकोस. आता त्यांना ऐकूही कमी येतं, आणि लशीची नोंदणी केव्हा सुरू होते एवढंच ते फोनवर विचारतात. त्यांचं आणि नानांचं नाव तू बरोबरच लाव, म्हणजे एकाच गाडीतून जातील. काकूला नमस्कार सांग. गोडा मसाला ह्या वर्षी नको, पार्सलला तिनशेचा मसाला आणि तीन हजारांचं पोस्ट होतं.

आणि नानांना एकदा विचार. त्या दिवशी हात वर केल्यावर त्यांनी शेजारी बघितलं होतं का? फोनवर सांगू नकोस, पत्रानं कळव.

तुझा,
बाळू