बायोगॅसची टक्केवारी आणि निर्माल्यातला दोरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरांना सीएनजी आणि पाइप गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांवर सेंद्रिय कचऱ्यापासून बनवलेला, शुद्ध केलेला बायोगॅस मिसळण्याचे बंधन २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून आले आहे. वाहनांचा सीएनजी आणि घरगुती पाइप गॅस यांच्या एकूण खपाच्या १ टक्का पहिल्या वर्षी, पुढे ३ आणि ४ टक्के, व २०२८-२९ पासून ५ टक्के असे त्याचे वेळापत्रक आहे. धोरण स्वागतार्हच आहे. मात्र ही टक्केवारी गाठली की शहरांचा ओला कचरा आपोआप मार्गी लागेल, असे जे गृहीत धरले जाते आहे, ते मला पटत नाही.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत काही वर्षे एक छोटे बायोगॅस संयंत्र होते आणि त्याची देखरेख माझ्याकडे होती. ते बंद पडले, पण तंत्र अवघड म्हणून नव्हे. ओल्या कचऱ्याच्या बादल्यांतून दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, फुलपुड्यांचे रबर, करवंट्या आणि निर्माल्यातल्या हारांचे दोरे येत असत. हा दोरा कचरा बारीक करणाऱ्या यंत्राच्या दांड्याभोवती असा काही आवळून बसे, की दर आठवड्याला तो सुरीने कापून काढावा लागे. गणपतीच्या दिवसांत उरलेले अन्न एकदम जास्त पडले की टाकीतला काला आंबून जाई, वायूतला मिथेन, म्हणजे त्यातला जळणारा भाग, घटे आणि शेगडी पेटवली तरी ज्योत टिकत नसे; मग चुन्याची निवळी आणि शेण घालून दोन-तीन आठवडे नुसती वाट पाहायची. ऐंशी-नव्वद बिऱ्हाडांच्या संस्थेत ही गत, तर शेकडो टन कचरा घेणाऱ्या प्रकल्पाची काय होत असेल?

इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेणारा आणि पूर्ण क्षमतेने १७,००० किलो वायू देणारा प्रकल्प सुरू झाला. त्याचे कौतुक करताना आपण तिथल्या यंत्रांबद्दल बोलतो. त्याआधी त्या शहराने घराच्या दारातच कचरा वेगळा करून घेण्याची शिस्त अनेक वर्षे लावली होती, याबद्दल फारसे बोलत नाही. आपल्याकडे घंटागाडीत दोन कप्पे असतात आणि पुढे ते एकाच ढिगात रिकामे होतात, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. मिश्रणाचे बंधन वायूवर आहे, तो कशापासून बनला यावर नाही. साखर कारखान्यांचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, एकजिनसी असतो, एकाच जागी ढिगाने मिळतो आणि त्यात दोरा नसतो. त्यामुळे महाराष्ट्रात तरी गुंतवणूकदार आधी कारखान्याच्या दाराशी जाईल, आणि त्यात त्याचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही. पण मग ५ टक्के कागदोपत्री पूर्ण होतील आणि कचरा डेपो होते तसेच धुमसत राहतील. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर मुंबईकर विसरले नसतील; तिथे कचऱ्यात कोंडलेला मिथेनच पेटत होता.

इंदूरच्या आकड्यांवरून पाहिले तर एक टन ओल्या कचऱ्यातून साधारण ३१ किलो वायू निघतो, म्हणजे घरगुती सिलिंडर दोनाहून थोडे अधिक. घरटी रोज एक किलो ओला कचरा आणि महिन्याला एक सिलिंडर धरला, तर प्रत्येक घराचा कचरा त्याच घराचा महिन्यातला जेमतेम दोन दिवसांचा स्वयंपाक करतो. कचऱ्यावर सारे शहर चालेल, असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. तरीही दोन दिवस म्हणजे ६ टक्क्यांहून थोडे अधिक, आणि सरकारने स्वतः ठरवलेले अंतिम उद्दिष्ट ५ टक्क्यांचे आहे. तेव्हा हा वाटा क्षुल्लक नव्हे.

गळतीकडेही कोणाचे फारसे लक्ष दिसत नाही. एक किलो मिथेन जाळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच न जळता हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची ताकद २७ ते २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भरते. म्हणजे बनवलेल्या दहा किलोंपैकी एक किलो जरी टाकीच्या झाकणातून, वायू काढून उरलेल्या स्लरीच्या उघड्या खड्ड्यातून किंवा वायू शुद्ध करताना निसटला, तर उरलेल्या नऊ किलोंनी खनिज वायूऐवजी जळून वाचवलेले सगळे पुसले जाते. कचरा डेपोवर जे उत्सर्जन टळते ते या हिशेबात धरलेले नाही, हे मान्य. पण प्रेसमड तर डेपोवर जातच नव्हता.

म्हणून ५ टक्क्यांपैकी ठरावीक वाटा शहरी ओल्या कचऱ्यातूनच आला पाहिजे, अशी अट घालावी, आणि त्या वाट्याला अधिक दर द्यावा, कारण तो वायू महागच पडणार. प्रकल्पचालकाशी करार करताना महापालिकेने कचऱ्यात किती टक्क्यांपर्यंत भेसळ चालेल हे लिहून द्यावे आणि ती ओलांडली तर भुर्दंड महापालिकेने सोसावा. गळतीची मोजणी त्रयस्थ संस्थेकडून करून घेऊन दर तिमाहीला जाहीर करावी. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘सतत’ या बायोगॅस योजनेने २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्प उभारायचे ठरवले होते आणि आपण त्याच्या आसपासही पोहोचलो नाही. तेव्हा नवे उद्दिष्ट जाहीर करण्याआधी जुने कुठे अडले, हे संबंधित खात्याने सांगितले तर बरे होईल. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ सालीच मैल्याच्या वायूवर दिवे लागत होते. या विद्येत आपण नवखे खचितच नाही.

आपला,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे