कसरसुद्धा तोंड लावत नाही, अशी घोंगडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत होऊन गेली, सिद्धरामेश्वराच्या यात्रेचा गड्डा उठला, आता लोकरीच्या कपड्यांचा विषय कोण काढणार? म्हणून मुद्दाम आताच लिहितोय. दिवाळीत लिहिलं तर तोवर माल दुकानात येऊन पडलेला असतो आणि गिऱ्हाईकही खिशात हात घालून उभं असतं.

मी वनरक्षक होतो, 1984 पासून 2018 पर्यंत. त्यातली बरीच वर्षं नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेली. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना फक्त ऊन आठवतं. त्यांनी एकदा पौषात पहाटे चारला माळावर येऊन बसावं. झाड नाही, आडोसा नाही, गुडघ्याएवढं वाळलेलं गवत आणि त्यावरून सरळ अंगावर येणारं वारं. पक्षी बघायला लपणात बसलं की तीन-तीन तास हलायचं नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे फुगीर जाकिटं घालून यायचे. हात जरा वर केला की जाकीट सळसळायचं, आणि माळढोक म्हणजे कुणी पाळलेली कोंबडी नव्हे. मान वर करायचा आणि चालू पडायचा. मी मात्र काळी घोंगडी पांघरून बसायचो. घोंगडी वाजत नाही.

ती घोंगडी मी 1989 साली घेतली, 310 रुपयांना. ज्या मेंढपाळानं ती आणून दिली, त्याला मी त्याआधी दोनदा कुंपणाच्या आत मेंढ्या घातल्याबद्दल पावती फाडली होती. तिसऱ्यांदा सापडला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "सायेब, पावती फाडा, पर आधी अंगावर कायतरी घ्या." मी पातळ खाकी स्वेटरवर कुडकुडत होतो. (पावती त्या दिवशीही फाडलीच, हे सांगून ठेवतो.) पुढच्या महिन्यात तो सांगोल्याकडच्या एका सनगराकडून विणून घेतलेली घोंगडी घेऊन आला. जवळजवळ तीन किलो वजन, हाताला खरखरीत, आणि पहिल्या पावसाळ्यात भिजली तेव्हा खोलीभर मेंढरांचा वास. बायकोनं ती आठवडाभर घरात घेतली नाही.

पण काय कपडा होता! पहाटेचं दहिवर वरच्या केसांवर मण्यांसारखं बसायचं. उठताना एकदा झटकलं की संपलं, आतलं अंग कोरडं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा पिते तरी ओली लागत नाही, हे मी पुढे वाचलं. मेंढपाळांना ते वाचावं लागलं नव्हतं. पावसात एका टोकाची खोळ करून डोक्यावर घ्यायची, रात्री अर्धी खाली अर्धी वर, दुपारी घडी करून उशाला. शेकोटीची ठिणगी उडून पडली तर चुरचुर करून जागीच विझायची, बोटानं चोळलं की राख गळून पडायची. आपण 'भिजत घोंगडं' म्हणून रखडलेल्या कामाला नावं ठेवतो, कारण ते वाळायला दोन-दोन दिवस घेतं हे खरंच आहे. पण भिजलेल्या घोंगडीतही माणूस गारठत नाही, ही बाजू त्या म्हणीत आलेली नाही.

आता तक्रारीकडे येतो. जुनी घोंगडी 35 वर्षांची झाली, कडा विरल्या, म्हणून मागच्या वर्षीच्या गड्ड्यात एक नवीन घेतली. स्टॉलवर मोठा फलक होता: 'शुद्ध लोकर, हातमाग'. किंमत तीन हजार सांगितली, घासाघीस करून 2,600 ला दिली. रंग एकसारखा काळाभोर, हाताला मऊसूत. खरं म्हणजे तिथंच शंका यायला हवी होती. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर एवढी मऊ नसते, आणि बिनारंगाची काळी लोकर उन्हात धरली की तिच्यात तांबूस झाक आणि मधूनच पांढरे केस दिसतात. मऊ हवी असेल तर कोकरांच्या पहिल्या कातरणीची, जावळाची घोंगडी असते, पण ती या भावात येत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी घेतली. गर्दीत माणसाची अक्कल जरा खालीच असते.

उन्हाळ्यात दोन्ही घोंगड्या एकाच ट्रंकेत ठेवल्या. कडुनिंबाचा पाला घालायचा राहून गेला. दिवाळीत ट्रंक उघडली तर जुनीला कसर लागलेली. जागोजागी चाळणी. आणि तिच्याच पोटाशी घडी घालून ठेवलेली नवी? जशीच्या तशी. एक भोक नाही. बायको म्हणाली, "बघा, नवीन किती चांगली निघाली!" मी कपाळाला हात लावला. कसर केस खाते, लोकर खाते. प्लॅस्टिकला ती तोंड लावत नाही. एवढा पारखी तपासनीस कुठल्या सरकारी प्रयोगशाळेत मिळायचा नाही.

राहिलेली शंका या जानेवारीत फिटली. मंगळवेढ्याजवळ बहिणीचं रान आहे, तिथं हुरड्याला गेलो होतो. आगटीशी बसलो, नवी घोंगडी खांद्यावर. भाच्यानं कणसं परतली तशी एक ठिणगी उडाली आणि घोंगडीवर पडली. मी सवयीनं बोट लावायला गेलो आणि हात मागे घेतला. विझली नाही, वितळली. रुपयाएवढं भोक, त्याला काळी कडक कड, आणि वास जळक्या केसांचा नव्हे, जळक्या पिशवीचा. नातवानं ती कड नखानं काढली तर मण्यासारखा गोळा हातात आला. तो अजून माझ्या टेबलावर आहे. वाचकांपैकी कुणाला आपल्या घरच्या मालाची खात्री करायची असेल तर काठाचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून पेटवून बघावा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा घाण वास येतो आणि बोटानं चिरडली जाईल अशी राख होते. गोळा झाला तर समजायचं काय ते.

जुनी घेऊन सांगोल्याकडे त्या सनगराच्या घरी गेलो. ज्यानं विणली होती तो आता नाही, त्याचा मुलगा आहे, तोही साठीचा. खड्ड्यातला माग अजून आहे, शेजारी चिंचोक्याच्या खळीची घमेली आणि कुंचा. मी त्याला मामा म्हणतो. नवी घोंगडी त्यानं हातातही घेतली नाही, लांबूनच म्हणाला, "ही पानिपतवाली हाय." पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या फाडून त्यातून पुन्हा सूत काढतात, हा तिथला मोठा धंदा आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण एकदा फाडलेला तंतू आखूड होतो, त्याला ताकद राहत नाही, म्हणून त्यात कृत्रिम धागा मिसळावा लागतो. तो माल तसाच सांगून, त्याच्या भावात विकला तर माझी काही तक्रार नाही. 'शुद्ध लोकर, हातमाग' म्हणून 2,600 ला विकला तर आहे.

मामाकडे साधी घोंगडी आता साडेचार हजारांना आहे. मी दचकलो, तर त्यानं हिशेबच मांडला. एका मेंढीची एका कातरणीला पाव किलो लोकर धरा. एका घोंगडीला पंधरा-सोळा मेंढ्या लागतात. ती निवडायची, पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, ताणा करून खळ द्यायची, वाळवायचं, मग विणायचं. घरातली तीन माणसं आठवडाभर त्यातच. "लोकर फुकाट मिळती वो," मामा म्हणाला, "पर सूत कोन काढनार?" सूत काढायचं काम बायकांचं, आणि गावात चरखा चालवणाऱ्या आता दोघीच उरल्यात, त्यातली एक मामाची बायको.

फुकट कशी? तर वाटेत एका रानात मेंढ्या बसल्या होत्या, तिथं थांबून विचारलं. मेंढपाळ तरुण होता, मोबाईलवर भाव बघणारा. कातरणारा मेंढीमागे पैसे घेतो आणि लोकर विकून तेवढेही सुटत नाहीत, म्हणून कातरली की तो ती बांधावरच टाकून देतो. न कातरून चालत नाही, अंगात गोचीड-पिसवा होतात. रानात मेंढ्या बसवल्या की खताचे पैसे मिळतात, कोकरू विकलं की मटणाचे मिळतात, लोकरीचा मात्र खर्च. त्याच्या कळपात निम्म्याहून जास्त मेंढ्या माडग्याळ होत्या, जत तालुक्यातल्या त्या उंच, पोपटनाक्या, झपाट्यानं वाढणाऱ्या. त्यांच्या अंगावर लोकर म्हणावी अशी नसतेच. त्याचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. पोटाचा प्रश्न आहे.

देशाचे आकडे हेच सांगतात. पशुगणनेत 2012 साली देशात साडेसहा कोटी मेंढ्या होत्या, 2019 साली त्या 7 कोटी 42 लाख झाल्या. आणि लोकर? 2014-15 मध्ये 4 कोटी 81 लाख किलो होती, ती 2021-22 मध्ये 3 कोटी 31 लाख किलोवर आली. मेंढ्या वाढल्या आणि लोकर घटली. म्हणजे इकडे बांधावर लोकर कुजते, आणि तिकडे आपण वितळणाऱ्या घोंगडीला अडीच हजार मोजतो. महागाई म्हणून एक वेळ सोसली असती. महागही आणि खोटंही, हे कुठल्या हिशेबात बसवायचं?

ही गत एकट्या घोंगडीची नाही. नवी पेठेत मुलासाठी लोकरीचा स्वेटर बघायला गेलो. 3,200 रुपये. बाहेर 'वूल' असं ठळक, आणि आतल्या शिवणीतल्या पट्टीवर, चष्मा पुसून वाचावं लागेल अशा अक्षरात, लोकर 30 टक्के, ॲक्रिलिक 70. माझा 1994 चा खाकी स्वेटर अजून कोपराला ठिगळ लावून चालतो; नातवाच्या शाळेच्या स्वेटरला मात्र दुसऱ्याच महिन्यात काखेत गोळे धरले. त्यात सप्टेंबर 2025 पासून कपड्याला अडीच हजारांपर्यंत 5 टक्के जीएसटी आणि त्यावर 18 टक्के. अस्सल लोकरीचा कोट अडीच हजारांत बसत नाही, ॲक्रिलिकचा आरामात बसतो. म्हणजे खऱ्याला 18 आणि खोट्याला 5. कर लावणाऱ्यांच्या मनात तसं नसेलही, पण दुकानात उभं राहिलं की तसंच दिसतं.

आपण सोलापूरकर तर या बाबतीत तयार गडी. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरगावच्या नकली चादरीवर 'सोलापुरी' छापलेलं दिसलं की आपण गळा काढतो, आणि काढायलाच पाहिजे. मग त्याच गावात, सिद्धरामेश्वराच्या यात्रेत, कसलीही घोंगडी 'शुद्ध लोकर' म्हणून विकली जाते तेव्हा आपल्याला काहीच कसं वाटत नाही? ज्या जिल्ह्यात हुलजंतीच्या यात्रेत महालिंगरायावर भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, त्या जिल्ह्यातल्या माणसाला लोकर ओळखता येऊ नये, याची मला स्वतःचीच लाज वाटली.

माझं मागणं मोठं नाही. यात्रेत आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घोंगडीवर, कांबळ्यावर लोकर किती टक्के हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी शिवलेली असावी. जागा देतानाच ती अट घालता येईल, त्याला नवा कायदा नको. दुसरं, मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आपल्याच जिल्ह्यात, सांगोला तालुक्यात महूदला आहे. कातरणीच्या हंगामात तिथं लोकर वजनावर विकत घ्यावी, निदान कातरणाऱ्याची मजुरी सुटेल एवढ्या भावानं. आणि आपल्या जाड्याभरड्या लोकरीचं सूत काढेल असं एखादं यंत्र तिथं बसवावं. मामा म्हणतो, सूत मिळालं तर तो महिन्याला दहा घोंगड्या विणेल आणि हजार रुपये कमी करून देईल. कमी करेल की नाही ते बघू. विणकर आहे, व्यापारी नाही, पण हिशेब त्यालाही येतो.

माझी जुनी घोंगडी रफूसाठी त्याच्याकडेच ठेवून आलोय. रफूला जुन्यासारखंच हातसूत पाहिजे, आणि ते काढणाऱ्या मामीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच झालंय. "पाडव्यानंतर या," मामा म्हणाला. नवी त्याला फुकट देऊ केली तर म्हणाला, नको, कुत्र्याला खाली टाकायला पोतं हाय.

आपला वाचक,
एक निवृत्त वनरक्षक,
जुळे सोलापूर