धूर दिसत नाही म्हणून हवा शुद्ध होत नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला पेलेटच्या शेगड्यांवरचा लेख वाचला आणि फार चीड आली. धूर दिसत नाही म्हणजे प्रदूषण नाही, असं तुम्ही छापलंत कसं?

पेलेट म्हणजे दाबून केलेला लाकडाचा भुसा. त्यात ओल दहा टक्क्यांच्या आत असते आणि हवा पंख्याने मोजून मिळते. त्यामुळे ओंडक्यांपेक्षा ते चांगलं जळतं, हे मान्य. पण लेखात तुलना फक्त ओंडक्यांशीच आहे, विजेच्या हीटरचं नावही नाही. आणि पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे असतात, ते डोळ्यांना दिसणार कसे?

माझ्या आईला दमा आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी शेजाऱ्यांनी अशी शेगडी घेतली आणि तिचं धुराडं भिंतीतून आडवं बाहेर काढलं, बरोबर आईच्या खिडकीसमोर. खोली तापली की शेगडी आपोआप विझते, गार झाली की परत पेटते. पेटताना आणि विझतानाच जळण अर्धवट होतं आणि कणही तेव्हाच जास्त निघतात. हे एका संध्याकाळी पाच-सहा वेळा चालतं. पंख्याची घरघर ऐकू आली की आई उठून खिडकी लावायची. गेल्या जानेवारीत एका रात्री तिला जाग आली नाही. पंप उशाशी होता म्हणून निभावलं. शेजारी भले आहेत, मी बोलायला गेले तर चहा करून बसवलं आणि शेगडीचं माहितीपत्रक पुढे ठेवलं. त्यातही तुमच्या लेखातलंच वाक्य होतं. आता आई मागच्या अंधाऱ्या खोलीत झोपते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. युरोपीय संघात २०२२ पासून बाजारात येणाऱ्या नव्या पेलेट शेगड्यांनाही कणांची मर्यादा आहे. त्यातून काही निघतच नसेल, तर ही मर्यादा कशासाठी घातली?

वर्षभराचे पेलेट आधीच भरून ठेवा, हा तुमच्या लेखातला सल्ला तर मला धोक्याचा वाटतो. साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. मोठ्या साठ्याच्या बंद कोठीत शिरून माणसं दगावली आहेत. कोठीला हवा खेळती हवी, एवढं तरी लिहायचं होतं. याचा खुलासा कृपया पहिल्या पानावर छापा.

आणखी एक. हवामानाच्या चौकटीत तुम्ही तापमान, पाऊस, सूर्योदय, सूर्यास्त सगळं देता, पण पीएम २.५ चा आकडा देत नाही. आई रोज सकाळी अंक उघडून आधी तीच चौकट वाचते.

आपली,
एक नियमित वाचक