आडोसा नऊ फुटांचा, झाड मात्र चाळीस फुटांचे

महोदय,

पहिला पाऊस पडला की गोव्यातल्या नर्सऱ्यांत एकच मागणी असते: लवकर वाढणारे, वर्षभर हिरवे आणि शेजारची खिडकी झाकणारे काहीतरी द्या. हातात पडते ते बहुधा उभ्या अशोकाचे रोप, हल्ली कोनोकार्पस. दोन्ही भराभर वाढतात यात वाद नाही. पण आडोसा किती उंच हवा हे मोजून कोणी रोप घेत नाही आणि पुढची कटकट तिथूनच सुरू होते.

हिशेब सोपा आहे. अंगणात खुर्चीवर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून ४ फुटांवर असतात, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभ्या असलेल्याचे साधारण १६ फुटांवर. दोघांमध्ये ३० फूट अंतर असेल आणि कुंपण खुर्चीपासून १२ फुटांवर असेल, तर ९ फुटांची हिरवी भिंत पुरते. बाल्कांवावर (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) बसत असाल तर जोत्यामुळे आणखी फूटभर. आकडेमोड नको असेल तर आपण खुर्चीत बसून कुंपणाशी कोणाला तरी लांब काठी धरायला सांगावे आणि काठीचे टोक खिडकी झाकेपर्यंत ती वर सरकवावी.

उभा अशोक मात्र ३०-४० फूट जातो. तो ९ फुटांवर छाटला की शेंड्याशी फुटव्यांचा झुपका होतो. लोक तो दोन-दोन फुटांवर लावतात, मग सावलीतल्या खालच्या फांद्या वाळतात आणि त्या पुन्हा फुटत नाहीत. म्हणजे जिथे झाकायचे तिथेच भगदाड. पावसाळ्यात फळे पिकली की वटवाघळे येतात. खाली गाडी लावणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. त्याची आणि फायकसची मुळे पाण्याच्या शोधात पाइप, सेप्टिक टाकी, विहिरीचे बांधकाम असे काही सोडत नाहीत. गिरीपुष्प ऐन जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण होते. मोरपंखी आपल्या शंभर इंचांहून जास्त पावसात आतून तपकिरी पडते.

जागा असेल तर आमची पहिली पसंती माणगा बांबूला. तो इथलाच, बिनकाट्याचा, बेटाने वाढणारा. जमिनीखालून पळत शेजाऱ्याकडे जात नाही. ५ ते ६ फुटांवर लावावा. पहिली दोन वर्षे काड्या बारीक निघतात, तेव्हा धीर सोडू नये. नंतर पावसाळ्यात आलेला कोंब त्याच हंगामात पूर्ण उंची गाठतो. तिसऱ्या वर्षानंतर जुने बांबू दरवर्षी काढावेत, तेही बेटाच्या आतले, कारण नवे कोंब बाहेरच्या बाजूला येतात. पानगळ भरपूर, म्हणून कौलांच्या पन्हळीजवळ लावू नये. नर्सरीतला नाजूक दिसणारा पिवळा बांबू मात्र पुढे ४० फुटांचा होतो, त्याला लहान अंगणात जागा नाही.

घाई नसेल तर भिरंड, म्हणजे कोकम. खालपासून दाट, सावलीतही तग धरणारी. इथे एक गंमत आहे: महाग कलम आडोशाला कुचकामी. बाजूच्या फांदीच्या डोळ्याचे कलम आडवेच पसरते; बियांचे रोप सरळ शंकूसारखे चढते. त्यातली निम्मी नर निघतील, म्हणजे फळ देणार नाहीत, पण आपल्याला सोले (आमसुले) सुकवायची नाहीत. ती वाढेपर्यंत मधल्या जागेत जास्वंद किंवा अकॅलिफा लावावी. जास्वंदीवर उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण येतो, तेवढे पाहावे. छाटून ठेवायची वई (झाडांचे कुंपण) हवी असेल तर कुंती चांगली, मात्र जवळ लिंबाचे झाड असेल तर नको, लिंबावरची सायला कीड तिच्यावर पोसली जाते. किनाऱ्यावर खारा वारा लागतो तिथे क्लुसिया किंवा कण्हेर टिकते. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, लहान मुले आणि गुरे असतील तिथे टाळावी.

रोपे मरतात ती बहुतेक खड्ड्यामुळे. जांभ्यात दीड फुटाचा खड्डा खणला की त्याची वाटी होते, जुलैत पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. सुटे खड्डे न घेता सलग २ फूट रुंद, २ फूट खोल चर खणावा, तळाचा कातळ पहारीने फोडावा आणि उताराकडचे टोक पाणी जायला उघडे ठेवावे. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, रोपामागे मूठभर निंबोळी पेंड. मातीचा थर आजूबाजूपेक्षा चार बोटे उंच ठेवावा, तो पुढे बसतो. पाणी तुंबणाऱ्या जागी जूनऐवजी ऑगस्टअखेर लावावे. पहिल्या उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी रोपाला ८-१० लिटर पाणी आणि बुंध्यापासून वीतभर अंतर राखून नारळाची सोडणे (सालपटे) अंथरावीत. छाटताना वई खाली रुंद, वर अरुंद ठेवावी, म्हणजे तळाला ऊन मिळते.

गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) निदान ३ फूट आत लावावे, पलीकडची बाजूही आपल्यालाच छाटायची असते. शिवाय १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे वाढलेले झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून नर्सरीवाल्यांना विनंती की रोपाला पूर्ण वाढीची उंची लिहिलेली चिठ्ठी बांधावी. आणि वनखात्याला, की पावसाळी वाटपात माणगा आणि बियांची भिरंड भरपूर ठेवावी.

आपला,
एक बागायतदार, फोंडा