हॅटनच्या लॉकवरच्या काका-काकूंचे आभार

इंग्लंडमधल्या ग्रँड युनियन कालव्यावर, हॅटनचे २१ लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे, दारं असलेले हौद) चढताना आमची कुत्री चिंगी नॅरोबोटीच्या, म्हणजे कालव्यातल्या अरुंद, लांब बोटीच्या, कडेवरून घसरून पाण्यात पडली. लॉक भरत होतं, पाणी नुसतं उसळत होतं, आणि मी लॉकच्या झडपा फिरवायची किल्ली हातात धरून थिजले. मागच्या बोटीवरचे अनोळखी काका धावत आले आणि त्यांनी आधी पॅडल, म्हणजे पाणी आत सोडणारी झडप, बंद करून पाणी थांबवलं. काकूंनी ओल्या दगडावर पालथं पडून, लांब दांड्याचा आकडा चिंगीच्या लाइफ जॅकेटच्या मुठीत अडकवून तिला वर ओढलं. मग अंगातला लोकरी स्वेटर काढून तिला गुंडाळलं. तिची थरथर थांबेपर्यंत कान पुसत बसल्या होत्या. गडबडीत नावंही विचारली नाहीत. स्वेटर दोनदा धुतलाय, तरी चिंगीचे पांढरे केस लोकरीत आहेतच. काका, काकू, तुमचे मनापासून आभार.