बंदोबस्त चोराचा, आगीचे काय?

महोदय,

आपल्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला 18 मे 2025 रोजी आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. मालकांचे कुटुंब तिथेच राहायचे. मृतांत वयोवृद्ध मालक होते, तसे लहान बाळही होते. त्यानंतर चर्चा झाली ती कारखान्यांची. पण आपल्या पूर्व भागात पुढे राहणे आणि मागे कापडाचे माग, अशी घरे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याबद्दल कोण बोलणार?

मी वायरमन. आता वयामुळे ओळखीतलीच कामे घेतो. उन्हाळा लागला की कूलरसाठी बोलावणी येतात. बऱ्याच घरांत म्हातारा-म्हातारी दोघेच असतात, मुले पुण्याला. कूलरचा लोड तसा फार नसतो. धोका असतो सैल सॉकेटचा. पिन नीट बसत नाही म्हणून काडेपेटीची काडी खोचलेली असते, आत ठिणग्या उडत राहतात आणि बोर्ड तपकिरी पडतो. त्यात किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनीमातीच्या खाचेत, फ्यूजतारेऐवजी जाड तांब्याची तार! 'सारखा फ्यूज जातो' म्हणून कुणीतरी घातलेली. मग वायर जळाली तरी फ्यूज काही जात नाही.

हे दुरुस्त करता येते, खर्चही फार नाही. मला जास्त काळजी वाटते ती दाराची. भवानी पेठेत एका आजींकडे गेलो होतो. दाराला जाळीचे लोखंडी दार, त्याला आतून कुलूप, आणि किल्ली स्वयंपाकघरात फळीवरच्या डब्यात. का, तर चोर खिडकीतून हात घालेल! त्या डब्यापर्यंत त्यांचा हात स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नाही, आणि गुडघे तर कधीचेच गेलेले. बाहेरच्या खोलीत दाराला लागून सुताच्या गोण्या. रात्री लाइट गेली, घरात धूर झाला, तर त्यांनी काय करायचे? आगीत माणूस बहुतेक वेळा भाजण्याआधी धुरानेच गुदमरतो. 'धुरात खाली वाकून, रांगत बाहेर पडा' हा सल्ला बरोबर आहे, पण तो गुडघे धड असणाऱ्यांसाठी.

म्हणून किल्ली दाराजवळच, आजींचा हात पोचेल पण खिडकीतून चोराचा पोचणार नाही अशा खिळ्याला अडकवावी. चालायला त्रास असणाऱ्याची खाट दाराजवळच्या खोलीत हलवावी, उशाशी टॉर्च ठेवावा. म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून कामाला जाणारेही मी पाहिलेत. नाइलाज कळतो, पण मग एक किल्ली शेजारी तरी द्या.

गॅसचेही तसेच. वय झाले की वास कमी येतो, त्यामुळे गळती पटकन कळत नाही. झोपताना रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी, नळी पाच वर्षांनी बदलावी. वास आलाच तर लाइटच्या बटणाला हातही लावू नये, चालू पंखा चालूच राहू द्यावा. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेर आल्यावर 1906 वर फोन करावा. समई रात्रभर ठेवायचीच असेल तर पडद्यापासून लांब, पाणी घातलेल्या परातीत ठेवावी. देवाची त्याला काही हरकत नसावी.

पुण्या-मुंबईची मुले गड्ड्याच्या यात्रेला किंवा सुट्टीला येतात, आईबाबांना मोबाइल शिकवून जातात. त्यातला अर्धा तास त्यांनी बोर्ड, नळी आणि किल्ली बघण्यात घालवावा. बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म मिळतो, तोही छताला लावून द्यावा. मात्र ऐकू कमी येत असेल तर नुसत्या अलार्मवर विसंबू नये.

महापालिकेला एक विनंती. आशाताई घरोघरी जातातच. एकट्या राहणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी त्यांच्या मदतीने करून अग्निशमन दलाकडे द्यावी. 101 वर फोन आला की आत कोणाला उचलून काढायचे आहे, हे जवानांना निघतानाच कळेल. आणि पेठांतल्या बोळांच्या तोंडाशी रात्रभर उभे राहणारे टेम्पो हटवावेत, नाहीतर बंब कोपऱ्यावरच अडकायचा.

– एक वायरमन, साखर पेठ, सोलापूर